टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं भजन : कवी रेव्ह. नारायण वामन टिळक यांची जीवनकथा

वाशीम : टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होऊन गेले. तेही कोकणातल्या ब्राह्मण घरातले, तेही संस्कृतचे जाणकार, तेही देशावर जीव टाकणारे. त्यांचं नाव नारायण वामन टिळक. शाळेच्या पुस्तकात ज्यांनी 'केवढे हे क्रौर्य' ही कविता वाचली असेल, त्यांना हे नाव आठवेल. मराठी साहित्यात त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. पण त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते ख्रिस्ती झाले आणि पुढची चोवीस वर्षं त्यांनी आपल्याच माणसांना, आपल्याच भाषेत, आपल्याच चालीवर ख्रिस्ताची गोष्ट सांगितली.

या कथेचा एक धागा आपल्या विदर्भातून जातो. तो नागपूरच्या रेल्वेगाडीत सुरू झाला.

आईविना पोरका झालेला मुलगा

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत. स्वभाव तापट, घरात धाक मोठा. आई जानकीबाई मात्र मऊ मनाची. तिला कवितेची, गाण्याची आवड. नारायणाला कवितेचं वेड लागलं ते आईमुळे. बाप आणि लेक यांचं मात्र कधीच जमलं नाही.

नारायण लहान असतानाच आई गेली. तिच्यामागे घरात राहण्यासारखं त्याला काही उरलं नाही. कोवळ्या वयात घर सोडून त्याने नाशिक गाठलं. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. कुणाच्या घरी जेवायचं, कुणाच्या ओसरीवर झोपायचं, असे दिवस काढले. काही वर्षं इंग्रजी शाळेतही गेला. पण भावंडांची जबाबदारी अंगावर आली आणि शाळा सुटली. परीक्षा पास झाल्याचा कागद हातात नव्हता, पण पाठांतर जबरदस्त आणि बोलणं असं की ऐकणारा जागचा हलणार नाही.

१८८० साली त्यांचं लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झालं. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं. हीच मुलगी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक झाली. तिच्या माहेरी सोवळं फार कडक. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्याने.

संसार मात्र कधी एका जागी टिकला नाही. नारायणराव आज या गावी मास्तर, उद्या त्या गावी कीर्तनकार, परवा छापखान्यात खिळे जुळवणारे. मनात आलं की निघाले. खिशात पैसा आला की कुणा गरजवंताला देऊन मोकळे. घरी चूल कशी पेटायची, ही चिंता बायकोची. नवरा मनाने सोन्यासारखा, पण त्याच्या मागे फरफट तिची, असा हा संसार होता.

नागपूरचे दिवस

१८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तिथले धनाढ्य गृहस्थ आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. संस्कृत धर्मग्रंथांच्या अभ्यासाचं आणि भाषांतराचं काम त्यांच्याकडे होतं. 'ऋषी' नावाचं धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवलं. विद्वान म्हणून नाव होऊ लागलं.

पण मनात वेगळंच चाललं होतं. जातीजातींत फाटलेला देश एक कसा होणार, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. जन्मावरून माणूस उच्च-नीच ठरतो, हे त्यांना पटेना. मूर्तिपूजेवरचा विश्वास उडत चालला होता. देशाला जोडणारा, सगळ्यांना एका पंगतीत बसवणारा एखादा धर्म हवा आणि तो आपणच मांडावा, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. म्हणजे ख्रिस्ती मिशनरी भेटायच्या आधीच हा माणूस शोधाला निघालेला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कुणी तरी येऊन त्यांना फूस लावली, असं काही घडलं नाही.

डब्यातला गोरा माणूस

साल १८९३. नागपुरात जम बसेना म्हणून टिळक नोकरीच्या शोधात राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. आज हे शहर छत्तीसगडमध्ये आहे. रेल्वेच्या डब्यात त्यांच्यासमोर एक युरोपियन बसला होता. त्या काळी गोरा माणूस आणि नेटिव्ह एका डब्यात आले की नेटिव्हाच्या वाट्याला बहुतेक वेळा अपमान यायचा. इथे उलटं झालं. त्या माणसाने टिळकांना आदराने जागा करून दिली. बोलणं सुरू झालं. संस्कृत काव्य, धर्म, देव असे विषय निघाले.

उतरायच्या आधी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. वाचून पाहा, असं सांगितलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. टिळकांना ते बोलणं वेडगळ वाटलं. त्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी होता, हे बऱ्याच काळानंतर समजलं. वॉर्ड १८८१ साली भारतात आले होते आणि फ्री मेथडिस्ट मिशनचे होते. याच मिशनचं ठाणं पुढे आपल्या शेजारच्या यवतमाळात होतं.

पुस्तक दिलं होतं म्हणून टिळकांनी वाचायला घेतलं. मत्तयच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन येतं. वैऱ्यावर प्रेम करा, दान गुपचूप करा, मनाने दीन असलेले धन्य, असा त्याचा आशय. तिथे टिळक अडकले. जे आपण शोधत होतो ते इथे आहे, असं त्यांना वाटू लागलं. राजनांदगावात राहून त्यांनी ख्रिस्ती धर्मावर मिळेल ते वाचलं, शंका विचारल्या, पत्रं लिहिली. ही कुणकुण लोकांना लागली. ओळखीचे लोक दुरावू लागले, नोकरीही गेली.

एक दिवस, आणि घर मोडलं

१० फेब्रुवारी १८९५. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, भारतीय पाळकाच्या हातून हवा, असा त्यांचा आग्रह होता आणि तसंच झालं. ख्रिस्ती होणं म्हणजे साहेब होणं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं.

पण या दिवसाची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. हाताशी लहानगा दत्तू. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर आली ती आभाळ कोसळावं तशी. त्या काळी बाटलेला नवरा म्हणजे जिता असून मेल्यासारखा. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. धर्म बदलताना नवऱ्याने बायकोला विश्वासात घेतलं नव्हतं. वेड लागायची पाळी आली. नातेवाइकांनी त्यांना जपलं. काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. तिथेच दुःखाच्या भरात त्यांना कविता सुचू लागल्या.

टिळकांच्या चरित्रातला हा भाग झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याने जगाला प्रेम सांगितलं, त्याच्याच घरात त्याच्या निर्णयाने चार-साडेचार वर्षं अंधार होता. टिळक पत्रं पाठवत राहिले, भेटायला येत राहिले. तू ख्रिस्ती हो, अशी अट त्यांनी घातली नाही. फक्त सोबत राहू, इतकंच मागणं होतं.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला गेल्या. हे तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. नवऱ्याच्या घरी राहिल्या, पण आपला धर्म सांभाळून. त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा, सोवळं कायम. टिळकांनी ते सगळं चालू दिलं. एकाच घरात एक ख्रिस्ती आणि एक सोवळ्यातली ब्राह्मण बाई, असा तो संसार होता.

बदल झाला तो हळूहळू आणि लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. माणसं देवाने केली, मग जाती कुणी केल्या? हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. जातिभेद माणसाने केला आहे, असं एकदा मनाला पटल्यावर त्यांनी विटाळ सोडला. आधी कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली आणि मग १९०० साली दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. ज्या बाईच्या माहेरी सावलीचाही विटाळ मानायचे, तिने पुढे अनाथ, गरीब, कुठल्याही जातीची पोरं पोटाशी धरली.

परकी चाल, आपली चाल

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून चालू होतं. शाळा होत्या, चर्च होती, पाळक तयार करणारी धर्मशिक्षणाची शाळा होती. टिळक तिथे शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागलं.

नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून आलेले होते. गावकुसाबाहेरची ही माणसं. त्यांच्या ओठावर ओवी होती, अभंग होता, भारूड होतं. पण चर्चमध्ये गेलं की बरीचशी गाणी इंग्रजीवरून उतरवलेली, चालही विलायती. शब्द मराठी, पण जीभ अडखळायची. सूर मनात उतरायचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, हा साहेबाचा धर्म.

टिळकांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या लोकांनी देशी चालीवर ख्रिस्ती गीतं रचली होती. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवातही झालेली होती. टिळकांनी ही वाट रुंद केली. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. एक-दोन नव्हे, शंभराहून अधिक. मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात सगळ्यात मोठा वाटा त्यांचा आहे.

आता कीर्तन म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. रिसोड असो की मानोरा, मंगरुळपीर असो की कारंजा, गावात सप्ताह बसला की रात्री माणूस माणसाला लागून बसतो. नारदीय पद्धतीच्या कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगावरचं निरूपण. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. मधे भजन, टाळ, मृदंग, पेटी. लिहिता-वाचता न येणारा माणूसही ते ऐकून घरी काही तरी घेऊन जातो.

टिळक स्वतः तरुणपणी कीर्तन करत. त्यामुळे त्यांना या साधनाची ताकद ठाऊक होती. त्यांनी तोच साचा घेतला आणि आख्यान ख्रिस्ताचं लावलं. उधळ्या मुलाची गोष्ट, हरवलेल्या मेंढराची गोष्ट, शोमरोनी माणसाची गोष्ट. या गोष्टी मुळात शेताच्या, मेंढरांच्या, रस्त्यावरच्या वाटसरूच्या. त्या आपल्या माणसाला कळायला इंग्रजी सभागृह लागत नाही, पार पुरतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. येशू जन्मला आशियात. तो पायी फिरणारा, गरिबांत राहणारा, गोष्टी सांगणारा. मग त्याला हॅट-बूट घालून कशाला आणायचा? वारकरी संतांबद्दलचा आदर त्यांनी कधी सोडला नाही. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताजवळ आलो, अशी त्यांची भावना होती. आपल्या पूर्वजांच्या ठेव्याला शिव्या घालून नवी गोष्ट सांगता येत नाही, उलट जे चांगलं आहे त्याच्यावरच पुढचं बांधायचं, ही त्यांची रीत.

ही रीत सगळ्यांना आवडली असं नाही. काही मिशनऱ्यांना वाटायचं, हा माणूस फारच देशी करतोय. काही ख्रिस्ती लोकांना वाटायचं, जे मागे टाकून आलो तेच पुन्हा कशाला? आणि जुन्या समाजाला ते बाटलेले म्हणून नकोसे. तिन्ही बाजूंनी बोलणी खात टिळक काम करत राहिले.

दार उघडं असलेलं घर

नगरचं टिळकांचं घर म्हणजे धर्मशाळाच. अनाथ मुलं, शिकायला आलेली पोरं, रस्त्यात भेटलेला कुणी भुकेला, सगळे तिथे. बाजारात सामान आणायला गेलेले टिळक पैसे वाटून रिकाम्या हाताने परत यायचे आणि लक्ष्मीबाई डोक्याला हात लावायच्या. पण माणूस दारातून उपाशी गेला नाही.

याच घरात मराठीतले मोठे कवी बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे राहिले. टिळकांनी त्यांना मुलासारखं वागवलं, लक्ष्मीबाईंनी आईसारखं. बालकवी हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहूनही त्यांच्यावर धर्म बदलायची सक्ती झाली नाही. १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली बालकवींचा मृत्यू झाला, तेव्हा हे घर पोटचा मुलगा गेल्यासारखं रडलं.

सुवार्ता सांगणं म्हणजे नुसतं भाषण नव्हे, हे या घराकडे बघून लोकांना कळायचं. जो माणूस शेजाऱ्याच्या अडचणीला रात्री उठून जातो, त्याचं बोलणं लोक दिवसा ऐकून घेतात.

लिखाणही चालूच होतं. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे मराठीतलं जुनं नियतकालिक. त्याच्या मराठी भागाचं संपादन टिळकांकडे १९१२ पासून होतं. लहान मुलांसाठीच्या 'बालबोधमेवा' मासिकाचं कामही त्यांनी केलं. त्याच बरोबर फुलांवर, मुलांवर, पाखरांवर, घरसंसारावर आणि देशावर कविता. या कविता कुठल्या धर्माच्या माणसाने लिहिल्या, हे वाचणाऱ्याने कधी विचारलं नाही. ख्रिस्ती झालो म्हणून हिंदुस्थानचा नाही राहिलो, असं त्यांना कुणी म्हटलेलं सहन होत नसे. देशभक्ती त्यांच्या कवितेत शेवटपर्यंत आहे.

पगार सोडला

१९१७ साल उजाडलं. टिळक पंचावन्न वर्षांचे. मिशनमध्ये मान होता, पगार होता, घर होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचत होती. गावात कीर्तन करायला गेलं की लोकांच्या मनात शंका असायची. या माणसाला मिशनचा पगार मिळतो, म्हणून हा बोलतो. पोटासाठी धर्म, असा टोमणा त्या काळीही होता आणि दुष्काळाच्या वर्षांत धान्य-कपडा देणाऱ्या मिशनांवर तो फार वेळा मारला गेला होता.

टिळकांनी ठरवलं की ही शंका मुळातूनच काढायची. त्यांनी मिशनचा पगार आणि नोकरी सोडली. आपल्या परंपरेत संन्याशाला मान असतो, कारण तो काही मागत नाही. टिळकांनी ख्रिस्ती संन्यासी व्हायचं ठरवलं आणि साताऱ्याला जाऊन राहिले.

तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचं काम सुरू केलं. ही वेगळीच कल्पना होती. ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे या दरबारात यावेत, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो की नसो. नाव, जात, पंथ न विचारता माणसांनी भावासारखं एकत्र यावं. चर्चच्या यादीत किती नावं वाढली, याच्यापेक्षा किती माणसं ख्रिस्ताच्या शिकवणीप्रमाणे वागू लागली, हे त्यांना मोठं वाटत होतं. चर्चच्या लोकांना हे पचायला जड गेलं. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, असा त्यांचा प्रश्न. टिळकांचं उत्तर असं की बाप्तिस्म्याचं मोल आपल्याला कळतं, पण दाराशी आलेल्याला आधी आत तर येऊ द्या.

हे काम मोठं व्हायला वेळच मिळाला नाही. तब्येत ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. वय सत्तावन्न. मागे जमीन नाही, ठेव नाही. होत्या त्या कविता, भजनं आणि एक अर्धवट ग्रंथ.

अर्धवट ग्रंथ बायकोने पुरा केला

तो ग्रंथ म्हणजे 'ख्रिस्तायन'. रामायणासारखं ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओवीत लिहायचं, असं टिळकांचं मोठं स्वप्न. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि आयुष्य संपलं. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरं शिकवली, जिने त्याच नवऱ्याच्या धर्मांतरापायी पंढरपुरात अश्रू ढाळले, तिनेच त्याचं काम तडीस नेलं.

त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने छापून आलं. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. नवऱ्याचा मोठेपणा आणि त्याचे घोळ, दोन्ही त्यांनी हसत-रडत सांगितले. लपवलं काही नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या.

आपल्या भागाशी नातं

टिळकांच्या काळात वऱ्हाडातही ख्रिस्ती मिशनांचं काम चालू होतं. यवतमाळात फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन. वाशीमला, तेव्हाच्या बासीमला, आधी मेथडिस्ट आणि नंतर चर्च ऑफ द नाझरीन. या नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायचर नावाच्या अमेरिकन डॉक्टर बाई १९३० च्या दशकात वाशीमला आल्या आणि त्यांनी इथे दवाखाना उभा केला. तोच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. खेड्यापाड्यातल्या कितीतरी बायांची बाळंतपणं मिशनच्या दवाखान्यांत झाली आहेत. यवतमाळात १९५३ साली पाळक तयार करणारं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झालं आणि पुढे ते पुण्याला गेलं.

या सगळ्या ठिकाणी रविवारी मराठी उपासना होते. पेटी-तबला लागतो आणि टिळकांची भजनं म्हटली जातात. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना हे शब्द कुणाचे, हे ठाऊकही नसतं. कवीला यापेक्षा मोठा मान कोणता?

सांगणं वेगळं, लादणं वेगळं

आज धर्मांतराचा विषय निघाला की गावागावात वातावरण तापतं. संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात हेही स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही.

टिळक या निकालाच्या अठ्ठावन्न वर्षं आधीच गेले. पण सांगणं आणि लादणं यातला फरक त्यांच्या वागण्यात दिसतो. बायकोचं सोवळं त्यांनी घरात चालू दिलं. बालकवींना त्यांनी आहे तसं जवळ केलं. पैशाची शंका नको म्हणून पगार सोडला. ज्या लोकांत जन्मलो त्यांची भाषा, त्यांचे संत, त्यांची चाल यांचा हात सोडला नाही. त्याच बरोबर आपल्याला जे पटलं ते सांगायला ते कधी लाजलेही नाहीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी बायकोला विचारलं नाही, ही त्यांची मोठी चूक होती. त्यानंतरच्या वर्षांत मात्र तिच्या मनाला त्यांनी वाट पाहून जागा दिली, हेही तितकंच खरं.

त्यांचं सांगणं कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. सप्ताहात रमणाऱ्याला आपला विठ्ठल पुरेसा आहे, आणि टिळकांनीही त्या भक्तीचा कधी उपहास केला नाही. पण आपल्या श्रद्धेची गोष्ट शेजाऱ्याला सांगायची असेल, मग ती कुठल्याही देवाची असो, तर आधी शेजाऱ्याची बोली यावी लागते, त्याच्या पंगतीला बसावं लागतं आणि आपल्या घराचं दार त्याच्यासाठी उघडं ठेवावं लागतं. करजगावच्या नारायणाने नगरमध्ये आयुष्यभर तेच केलं.